लोअर युनिट चढवताना उरलेली फट

आउटबोर्डचे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचे, लोअर युनिट (गिअर आणि पंखा असलेला खालचा भाग) खोलता येते, पण परत जोडताना हात थरथरतो असे सांगणारी नवी मुले भेटली की मला देवबागमधला माझा पहिला पावसाळा आठवतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची सारी कामे त्याच दोन महिन्यांत येऊन पडतात. गिअर, बेअरिंग आणि शिम (अंतर नेमके ठेवणाऱ्या पातळ चकत्या) यांचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. शिम जिथून निघाली तिथेच आणि तेवढ्याच संख्येने परत गेली पाहिजे, एवढेच बजावतो.

मी फसलो तो त्यापुढच्या टप्प्यावर. तयार युनिट खालून वर चढवताना तीन जोड एकाच वेळी जुळावे लागतात: ड्राइव्ह शाफ्टचे दाते क्रँकशाफ्टमध्ये, गिअर बदलणारा शिफ्ट रॉड आपल्या जागी आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी वर नेणारी नळी वॉटर पंपावरच्या रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे कड्यात. दाते बसले की युनिट एकदम वर सरकते आणि काम झाल्यासारखे वाटते. माझ्या वेळी युनिट आणि वरचा भाग यांच्या कडांमध्ये करंगळी जाईल एवढी फट उरली होती. जुलैचा शेवटचा आठवडा होता, होडीचे मालक शेजारी उभे होते आणि मी ती फट बोल्ट आवळून मिटवली. नळीचे टोक ग्रोमेटच्या काठावर टेकलेले होते, ते बोल्टच्या जोराने बाजूला दुमडले. पिंपात इंजिन सुरू झाले, पण पाण्याची धार सुतळीएवढी बारीक होती. धारेच्या तोंडाशी मीठ धरले असेल असे समजून मी तिथे तार फिरवली आणि इंजिन देऊन टाकले. पहिल्याच फेरीत ते तापून सीझ झाले, म्हणजे आतून जाम झाले. बंदी उठून सगळे समुद्रात जात असताना ती होडी पंधरा दिवस वाळूत उभी होती, आणि ते दिवस मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्ट फक्त मिटलेली फट धरून ठेवण्यासाठी असतो. ती मिटत नसेल तर युनिट खाली उतरवा, नळीच्या टोकाला थोडे ग्रीस लावा, टॉर्च धरायला कोणाला तरी बसवा आणि पुन्हा चढवा. दाते जुळत नसतील तर प्लगच्या कॅप काढून फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच हळू फिरवा, कारण शाफ्ट उलटा फिरला तर वॉटर पंपातल्या इंपेलरच्या रबरी पाकळ्या उलट वळतात. ग्रीस शाफ्टच्या दात्यांना लावावे, माथ्यावर नको. तिथे साचलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर जाऊ देत नाही.

तीन-चार वेळा उतरवावे लागले तरी खचू नका. माझे आजही दोनदा होते. मात्र जुन्या ऑइल सीलवर सिलिकॉन फासून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणीही दिला, मग तो तीस वर्षांचा अनुभवी मेस्त्री का असेना, तरी ऐकू नका. महिन्याभरात पाणी आत शिरून गिअर ऑइल दुधाळ होते आणि बेअरिंग गंजतात. चांगला मेस्त्री मला तोच वाटतो, जो तुमच्या हातात पाना देतो आणि स्वतः मागे उभा राहतो.

ऑइल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे, आधी वरचा स्क्रू लावावा आणि मग खालचा. तसे केले नाही तर आत हवा अडकते.

शेवटी पंखा काढून, पाणी आत घेणारी जाळी पूर्ण बुडेल एवढे पिंप भरून इंजिन दहा मिनिटे चालवा आणि धारेखाली हात धरून ठेवा. धार जोरदार आणि कोमट लागली तर होडी न्यायला सांगा. बारीक लागली किंवा चटका बसला तर इंजिन तिथेच बंद करा आणि मालक कितीही घाईत असले तरी युनिट पुन्हा खाली उतरवा.