भोकाचा पैसा आणि कॅलेंडरचे मणी: सापडलेल्या वस्तूंचा हार कसा गाठवायचा

कुलूप हरवलेली किल्ली, शिवणयंत्राची बॉबिन, चलनातून गेलेलं नाणं, किनाऱ्यावरचा शिंपला, फुटक्या बशीचा निळ्या नक्षीचा तुकडा. यातल्या कशाचंही पदक होतं. मणी मात्र घरीच करा, कारण बाजारच्या चकचकीत मण्यांशेजारी जुनी वस्तू नुसतं भंगार दिसते. आणि वजन पेलणारा एकही जोड गोंदाचा ठेवू नका. घामाने आणि पावसाळी हवेने गोंद सुटतोच. वस्तू कडीने अडकवा, तारेने बांधा किंवा दोऱ्यात ओवा.

वस्तू निवडताना

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पंधरा-वीस ग्रॅमपेक्षा जड वस्तू हाराचा मधला भाग खाली ओढते आणि कागदी मणी तिच्याकडे घसरून गोळा होतात. जाड पितळी किल्ली हमखास हे करते; कपाटाची छोटी किल्ली बरी.

नाण्यांत भोकाचा पैसा मिळाला तर सोनंच. १९४३ ते १९४७ या काळातल्या या कांस्याच्या नाण्याला टाकसाळीतूनच गुळगुळीत भोक आलेलं असतं. नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची जुनी नाणी घ्या: चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. चालू नाण्याला ड्रिल लावू नका. चलनातलं नाणं नष्ट करणं कायद्याने गुन्हा आहे.

किनाऱ्यावर नीट पाहिलं तर काही शिंपल्यांना बिजागरीजवळ सुबक गोल भोक दिसतं. शिकारी समुद्री गोगलगाय आतला जीव खाण्यासाठी ते पाडते. असे शिंपले आधी वेचा, तुमचं निम्मं काम तिने केलेलं असतं. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत, काही शंखही आहेत.

गुंजा दिसायला कितीही सुरेख असल्या तरी त्यांना भोक पाडू नका. आतला भाग अत्यंत विषारी असतो आणि तासताना त्याची पूड उडते. सोनाराच्या काट्यावर त्या अख्ख्याच ठेवल्या जात. जुन्या घड्याळाची अंधारात चमकणारी तबकडीही खरवडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं.

कागदाचे मणी

गेल्या वर्षीचं कालनिर्णय यासाठी उत्तम. कागद पातळ असतो आणि छपाईची शाई गोंदाच्या पाण्याने फुटत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचं चित्र मात्र पसरतं. लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळताना भेगाळतो. तिच्या आतलं पातळ पान चालतं.

पानाच्या एका कडेला दर २ सेंटिमीटरवर खूण करा. ३० सेंटिमीटरवरच्या समोरच्या कडेला पहिली खूण १ सेंटिमीटरवर आणि पुढच्या दर २ सेंटिमीटरवर करा. खुणा आलटूनपालटून जोडल्या की सुलटे-उलटे त्रिकोण मिळतात. ३० सेंटिमीटर रुंद पानातून २९ पट्ट्या निघतात, कडेचे दोन अर्धे त्रिकोण वाया जातात. पायाची रुंदी म्हणजे मण्याची लांबी. जाडी पट्टीच्या लांबीवर ठरते: ३० सेंटिमीटरला साधारण ७ मिलिमीटर, ६० सेंटिमीटरला ९. लांबी दुप्पट केली म्हणून मणी दुप्पट जाड होत नाही, उगाच कागद जातो.

पट्टीचं टोक २ मिलिमीटर बोथट कापा. अणकुचीदार टोक नीट चिकटत नाही आणि सुकल्यावर उचकटतं. रुंद बाजूकडून विणकामाच्या १४ नंबरच्या सुईवर (२ मिलिमीटर) गुंडाळायला सुरुवात करा. पहिला वेढा सुईला अगदी काटकोनात हवा. तो केसभर तिरका गेला तर दहाव्या वेढ्याला मणी गाजराच्या पुंगळीसारखा एका बाजूला सरकतो. तसं दिसताच उलगडा, पुढे दुरुस्त होत नाही. पहिले ३ सेंटिमीटर कोरडे ठेवा, नाहीतर मणी सुईलाच चिकटतो. पुढे फेव्हिकॉल (तीन भागांत एक भाग पाणी) ब्रशने पातळ लावत गुंडाळा. गोंद जास्त झाला तर कागद लिबलिबीत होऊन घसरतो. गुंडाळताना चिमटीचा दाब सोडू नका. सैल मणी सुकल्यावर नखाने वाजवला तर पोकळ वाजतो आणि दाबला की चेपतो. मणी लगेच सुईवरून काढून रात्रभर सुकू द्या.

गोंदाचा थर पाण्याला टिकत नाही, घामाने पांढरा होतो. म्हणून पारदर्शक पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन पातळ हात द्या. मणी खराट्याच्या हिरांवर रोवून हीर बटाट्यात खोचा, एकमेकांना टेकू देऊ नका. ओलावा आधी मण्याच्या दोन्ही तोंडांतून शिरतो. व्हार्निश तिथे पोचलं आहे ना, ते पाहा. नेलपॉलिश पटकन सुकतं, पण त्यातलं द्रावक काही छापील रंग ओढून घेतं.

मातीसारखे मणी

एक वाटी कॉर्नफ्लॉवर, एक वाटी फेव्हिकॉल, एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा तेल. खाण्यासाठी पुन्हा वापरायची नाही अशा कढईत मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण मोदकाच्या उकडीसारखं कढईपासून सुटून गोळा झालं की उतरवा, तेलाच्या हाताने मळा. मणी सुकताना आक्रसतो. १२ मिलिमीटरचा हवा असेल तर १४ चा वळा. भोकही तेवढंच लहान होतं, तेव्हा ते २.५ मिलिमीटरचं पाडा. उन्हात ठेवू नका, वरची कातडी आधी सुकून तडा जातो. सावलीत तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा. मग रंग आणि व्हार्निश.

भोक पाडणं

नाणं शिकंजात किंवा पकडीत घट्ट धरा. सुटं नाणं ड्रिलबरोबर गरगर फिरतं आणि बोट कापतं. कडेपासून ३ मिलिमीटर आत खिळ्याने ठोकून खळगा करा, तेलाचा थेंब टाका, खाली लाकूड ठेवून १.५ मिलिमीटरच्या टोकाने पाडा. मागची खरखर कानसा. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून तो पाण्याच्या थाळीत बुडवून हातड्रिलनेच भोका. विजेचं ड्रिल पाण्याजवळ नको. जोर दिलात तर मागून टवका उडतो. कवडी मात्र देवीच्या आराध्यांच्या कवड्यांच्या माळेत करतात तशी पाठीकडून घासा: ओल्या दगडावर पाठ झिजवली की ओवण्यापुरती वाट आपोआप उघडते.

बशीच्या तुकड्याला भोकाची गरज नाही. कडा ओल्या २२० नंबरच्या, मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासा. गालावरून फिरवताना बोचली नाही, की झालं. मग ०.८ मिलिमीटरची ३० सेंटिमीटर तांब्याची तार चारही बाजूंनी आवळून वर फासा करा.

कड्या आणि गाठवणं

१ मिलिमीटरची तार पेनच्या रिफिलवर गुंडाळा आणि वेढे कापून कड्या करा. कडी उघडताना तोंडं बाहेर फाकवायची नाहीत. दोन पकडींनी एक तोंड स्वतःकडे, दुसरं पलीकडे. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि दोरा तिथूनच निसटतो.

नाण्याला एकच कडी घालून दोरा तिच्यातून नेला तर छाप समोर राहतो. दोन कड्या घातल्या की नाणं आडवं फिरून धार दाखवतं. तेव्हा कड्या एक किंवा तीन. भोकाच्या पैशाला कडी लागत नाही: दुमडलेला दोरा भोकातून काढून तयार झालेल्या फाशातून दोन्ही टोकं ओढा. ड्रिलने पाडलेल्या भोकातून दोरा थेट कधीच नको, धार त्याला रोज थोडी कापते.

पन्नास सेंटिमीटरच्या हारासाठी कागदाचे ८ आणि मातीचे ४ मणी, ४ मिलिमीटरचे पितळी किंवा काचेचे १४ बारीक मणी आणि १ मिलिमीटर मेणदोरा दीड मीटर पुरतो. मधोमध पदक, दोन्ही बाजूंना कागदाचे चार आणि मातीचे दोन. शेजारच्या दर दोन मण्यांच्या मध्ये, पदकाच्या दोन्ही बाजूंना आणि दोन टोकांना एकेक बारीक मणी. तो नसेल तर कागदी मण्यांची तोंडं एकमेकांवर घासून व्हार्निश उडतं. शेवटच्या मण्यांबाहेर गाठी मारा, मागे प्रत्येकी १२ सेंटिमीटर दोरा ठेवून सरकत्या गाठींनी जोडा. दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्यासारखा रेशमी गोंडा जमला तर हुकाचा खर्चही वाचतो.

पितळ चिंच-मिठाने घासलं असेल तर ओवण्याआधी सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा. आंबटपणा राहिला तर आठवड्यात हिरवट डाग येतात. अत्तर आधी लावा, हार नंतर घाला. नवा दोरा पहिल्या आठवड्यात ताणतो, मण्यांमध्ये फटी पडतात. तेव्हा टोकाच्या गाठी एकदा सोडून पुन्हा आवळा, आणि मगच उरलेला दोरा कापा.