खदानीला एक तरी काठ बशीसारखा द्या

मराठवाड्यात गावाबाहेर पडलं की कुठे ना कुठे खदान लागतेच. आधी गावरस्त्यांसाठी, धरणाच्या भरावासाठी, अलीकडे समृद्धी महामार्गासारख्या कामांसाठी मुरूम आणि खडी निघाली. क्रशर पुढच्या गावाला गेलं, खड्डा मागे राहिला. दोन-तीन पावसाळ्यांत त्यात पाणी धरतं आणि एखाद्या हिवाळ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं, की या पाण्यावर बदकं उतरलीत.

इथून पुढे बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एकतर गावचा कचरा टाकून खड्डा बुजवतात, नाहीतर 'सुशोभीकरण' करतात: पेव्हर ब्लॉक, रेलिंग, कारंजं, रंगीत दिवे. पक्ष्यांना दोन्ही सारखंच. आम्ही काही जणांनी आमच्या गावच्या खदानीवर तिसरी वाट धरून पाहिली. ती स्वस्त पडते. पण त्यात चुका कुठे होतात हे आम्हाला चुका करूनच कळलं, म्हणून हे लिहितोय.

आधी सातबारा काढा

खदान गायरानात आहे की खाजगी गटात, खाणपट्ट्याची मुदत संपली की चालू आहे, हे कागदावर बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि तहसीलदार, खाजगी असेल तर मालक. मालकाला पक्ष्यांचं सांगण्याआधी पाण्याचं सांगा. त्याची विहीर खदानीच्या खालच्या अंगाला असेल तर तो तुमच्या बाजूने लवकर येतो. आणि एक लक्षात ठेवा, मुरूम हे गौण खनिज आहे. पक्ष्यांसाठी म्हणून जेसीबी लावला तरी परवानगीशिवाय उकरलं ते उत्खननच. दंडाची नोटीस निघते तेव्हा हेतू कुणी विचारत नाही. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मशीन बोलावू नका.

एक वर्ष नुसतं बघा

हे कुणालाच आवडत नाही. लोकांना रविवारी फावडं घेऊन जायचं असतं. पण कोणता पक्षी कोणत्या कोपऱ्यात बसतो हे माहीत नसताना केलेलं काम आंधळं असतं. दर पंधरा दिवसांनी, सूर्योदयानंतर, त्याच दोन जागांवर अर्धा-अर्धा तास बसा. साध्या वहीत तारीख, पाण्याची पातळी, पक्षी आणि संख्या लिहा.

ओळख अवघड नाही. आपल्या भाषेतली नावंच मदत करतात. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं असतं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. वारकरी सगळा काळा, कपाळावर पांढरा टिळा. शेकाट्या म्हणजे लांबलचक गुलाबी पायांवर उभा काळा-पांढरा पक्षी. टिबुकली दिसते न दिसते तोच बुडी मारते. कवड्या खंड्या पाण्यावर जागच्या जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो.

जमलं तर नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्याकडे ती 1987 पासून चालू आहे. तिच्यात आपली खदान नोंदवून घ्या. पुढे ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला बोलायची वेळ येते तेव्हा 'खूप पक्षी येतात' याला वजन नसतं, तीन वर्षांच्या वहीला असतं.

काठ: खरं काम इथे आहे

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, इतके पक्षी का येतात? धरण मोठं आहे म्हणून, हे अर्धं उत्तर. जायकवाडी बशीसारखं आहे: पसरट आणि उथळ. पाणी थोडं उतरलं की मैलभर चिखल उघडा पडतो, त्यात लोक गाळपेर करतात आणि पक्षी चरतात. 1986 मध्ये तिथे अभयारण्य झालं ते उगाच नाही. खदान याच्या बरोब्बर उलट, हौदासारखी. काठावरून एक पाऊल पुढे टाकलं की वीस फूट पाणी. पाणकावळे आणि टिबुकल्या तिथेही भागवून घेतात, पण चिखलात चरणाऱ्या छोट्या तुतवारीला घोट्याइतकं पाणी लागतं, शेकाट्याला वीतभर, आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकाला हातभर. एवढी जागा हौदात मिळत नाही.

म्हणून हौदाला एका बाजूने बशीचा काठ लावायचा. चारही बाजूंनी नाही, एकाच. कोणती बाजू हे खदानच सांगते. डंपर जिथून खाली उतरायचे तो उतार शोधा. तो आधीच तिरका असतो. त्याच्या आसपास खाण सुरू करताना बाजूला लोटलेल्या माती-मुरमाचे ढिगारे पडलेले असतात. तेच ढिगारे पाण्यात ढकला. नवीन काही उकरू नका. एक फूट खोलीला निदान दहा फूट लांबी, इतका हळू उतार हवा. पंधरा-वीस मीटर रुंद पट्टा मिळाला तरी पुष्कळ. काठ सरळ रेषेत आणू नका, वाकडातिकडा राहू द्या. दोन-चार ठिकाणी छोट्या खोबणी केल्या की वाऱ्याच्या लाटा अडतात. ऑपरेटरला हे सांगणं सगळ्यात अवघड जातं. त्याची सवय सपाट करण्याची. मशीनजवळ उभं राहून दर पाच मिनिटांनी "राहू दे, तसंच राहू दे" म्हणावं लागतं.

मग गाळ. नुसत्या मुरमात किडे, गोगलगायी, गवत काही धरत नाही. उन्हाळ्यात गावतळ्यातला गाळ निघतो तेव्हा चार-पाच ट्रॉल्या मागून घ्या आणि उतारावर अर्धा फूट पसरा. गाळ घेण्याआधी चाळून बघा. त्यात बेशरमाचे तुकडे असतील तर ढीग उन्हात चांगला वाळू द्या, कारण बेशरमाची कांडी जिथे पडेल तिथे मुळं धरते.

आता वेळ. पाणी सगळ्यात कमी मे महिन्यात असतं, म्हणून आम्हीही मेमध्येच जेसीबी लावला. दुसऱ्या तासाला शेळ्या चारणारे एक आजोबा बांधावरून हात करत आले. "थांबवा ते मशीन. टिटवी वरडायली दिसंना का? अंडी असतील इथंच." आम्हाला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी काठीने दाखवलं: मुरमाच्या खड्यांत चार अंडी, मातकट, काळे डाग, टोकं आतल्या बाजूला. बकेट तिथून दोन हातांवर होतं. ते घरटं वाचलं. दुसरं आम्ही सकाळीच चिरडलं होतं, ते दुसऱ्या दिवशी टायरच्या खुणेशी उभी असलेली जोडी बघून समजलं.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ, असं आपल्याकडे म्हणतात. पावसाचं माहीत नाही, पण मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, एवढं धरून चाला. शेकाट्याही उन्हाळ्यातच काठावर घरटं करतो. म्हणून मशीनचं काम फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, दोन-तीन दिवसांत उरका. तेव्हा पाहुणे पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात, टिटव्या बसायला जेमतेम सुरुवात असते. पाणी थोडं जास्त असतं, काम ओबडधोबड होतं. होऊ द्या. आणि मशीन उतरण्याआधी चार माणसांनी रांगेत ती जागा चालून बघा. शेळ्या चारणारा एखादा माणूस सोबत घ्या.

कडा पाडू नका

सुरक्षिततेच्या नावाखाली उभा कडा तोडून टाकायचा प्रस्ताव येतोच. दगडी कड्याच्या खाचेत शृंगी घुबड अंडी घालतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. वरच्या मऊ थरात वेडे राघू आणि कवड्या खंड्या बिळं कोरतात. ढासळून उतरता झालेला मातीचा भाग डिसेंबर-जानेवारीत फावड्याने उभा तासून दिला तर राघू तिथे येण्याची शक्यता वाढते. घुबड बसलेलं असेल त्या अंगाला मात्र या दिवसांत फिरकूच नका. घुबडाची जागा गावात सांगू नका, फोटोही टाकू नका. अमावास्येच्या उताऱ्या-तोडग्यांसाठी घुबडं पकडणारे अजून आहेत.

पोरं बुडण्याची भीती मात्र खरी आहे. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. कड्याच्या वरून सहा-सात फूट आत बाभळीच्या काट्यांची कुपाटी घाला, पाटी लावा आणि शाळेत जाऊन सांगा.

मृतसाठा राखा

दुष्काळात खदानीवर मोटारी बसणार. मोसंबीची बाग जळत असताना शेतकऱ्याला 'पक्ष्यांसाठी पाणी सोडा' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि रेटलीच तर तो ऐकणार नाही. आम्हाला उपयोगी पडला तो एक शब्द. जायकवाडीत 26 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून राहणारं पाणी, आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही पेपर वाचून माहीत असतं. तसाच खदानीचा मृतसाठा ठरवा. ग्रामसभेत ठराव करून कड्यावर ऑइलपेंटने लाल पट्टा मारा: पाणी पट्ट्याखाली गेलं की मोटारी बंद. त्या पाण्यावर गुरंही भागतात, म्हणून हा पट्टा पक्ष्यांचा न राहता गावाचा होतो.

कोंबडीची आतडी आणि कुत्री

चिकनच्या दुकानांचा कचरा रात्री खदानीत येतो. त्यामागे कुत्री येतात, आणि कुत्र्यांना एकदा काठावरची अंडी सापडली की तुमचा सुंदर उतार म्हणजे वाढलेलं ताट. दुकानदारांशी भांडू नका. ग्रामपंचायतीकडून खोल, झाकणाचा खड्डा दुसरीकडे करून घ्या, मग बोला. गणपती विसर्जनाला खदान लागत असेल तर खोल बाजूचा एकच घाट ठरवून द्या, उथळ काठ वाचतो. मासेमारी थांबवायची गरज नाही. फाटकी नायलॉन जाळी पाण्यात टाकून जाऊ नका, एवढंच सांगा. टिबुकल्या तीत अडकून मरतात. थाई मांगूर हा मासा सोडू देऊ नका, तो पाळायला बंदी आहे. कुणी पक्ष्यांसाठी फासे लावताना दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

झाडं कमी लावा

हे लिहिताना मला शिव्या पडणार हे माहीत आहे. पण बदकांना आणि चिखलातल्या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं. शिकारी पक्षी कुठून येतो ते कळायला हवं. बशीच्या काठाला एकही झाड नको. मागच्या बाजूला दहा-बारा बाभळी, एखादं उंबर, करंज पुरे. बाभळी पाण्यात उभ्या राहिल्या तर त्यांवर बगळे आणि पाणकावळे घरटी करतात. पाणकणीस हे उंच पाणगवत आपोआप येतं. ते काठाच्या तिसऱ्या हिश्शापुढे गेलं की कापा, पण पावसाळा संपल्यावर आणि आत घरटं नाही हे बघून. टिबुकली उठून जाताना अंड्यांवर शेवाळ ओढून ठेवते, त्यामुळे कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग दिसला तर तो ढीग नसतो.

वेडी बाभूळ, बेशरम आणि जलपर्णी दिसल्या की मुळासकट काढा, आणि काढलेली जलपर्णी पाण्यापासून लांब वाळवा.

कागदावर आणा

2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांचं संरक्षण खदानीला आपोआप मिळत नाही. ते रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना आहे. गावाच्या हातात आहे ती 2002 च्या जैवविविधता कायद्यातली जैवविविधता व्यवस्थापन समिती. ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, बऱ्याच ठिकाणी फक्त रजिस्टरात असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत खदान, तिथले पक्षी, लाल पट्ट्याचा ठराव आणि मशीनबंदीचे महिने लिहून घ्या. ग्रामसेवक बदलतात, सरपंच बदलतात, नोंदवही दप्तरात राहते.

त्यानंतर वर्षाला तीनच कामं उरतात. पोळ्याच्या आसपास बेशरम उपटणं, 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळेची पोरं आणून वहीतली नोंद करणं, आणि होळीच्या आधी उताराची डागडुजी. उताराची माती दर पावसाळ्यात थोडी खाली घसरते. दोन ट्रॉल्या गाळ त्यासाठी बाजूला ठेवलेला बरा.