कॅन्सरच्या ज्युनिअर डॉक्टरांनो, ग्लोबल हेल्थसाठी बाहेर जायचंय? मग सुरुवात बांबोळीतूनच करा

रेडिओथेरपीत एमडी करणारी किंवा ऑन्कॉलॉजीत (कॅन्सरच्या उपचारशास्त्रात) डीएम ही पुढची पदवी करायची तयारी करणारी गोव्यातली मुलं हल्ली सारखी विचारतात, मॅडम ग्लोबल ऑन्कॉलॉजी, म्हणजे गरीब-श्रीमंत सगळ्या देशांतल्या कॅन्सर उपचारांचं काम करायचंय, कुठे अप्लाय करू? मी आधी विचारते, कुठला प्रश्न घेऊन जाणार? कारण देश, फेलोशिप, व्हिसा सगळं त्यानंतर येतं. प्रश्नच नसेल तर बाहेर वर्षभर दुसऱ्याच्या प्रोजेक्टची एक्सेल शीट भरत बसाल.

प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत सत्तरी, पेडणे, काणकोणचे पेशंट येतात, सिंधुदुर्गातून दोडामार्ग-सावंतवाडीहून येतात. तोंडाचा कॅन्सर घेऊन आलेला माणूस पहिल्यांदा कुणाला दाखवायला गेला, तिथून बांबोळीला पोचायला किती आठवडे लागले, सहा-सात आठवड्यांची रेडिएशन किती जणांनी मधेच सोडली आणि का, औषध फुकट मिळूनही बसभाड्यामुळे की मजुरी बुडते म्हणून, हे कुणीतरी नीट मोजायला हवं ना? एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना विचारा, एथिक्स कमिटीची परवानगी काढा, जुन्या फायली घेऊन बसा. हे काम कंटाळवाणं आहे, पण बाहेरचा कुठलाही मेंटॉर तुमच्या सीव्हीत सगळ्यात आधी हेच बघेल.

आणि हे छोटं काम आहे असं अजिबात समजू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही टेस्टसुद्धा (या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियॉनची आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) यांनी मिळून केलेलं काम, २००९ ला छापून आलं आणि जगभरच्या स्क्रीनिंगच्या धोरणात वापरलं गेलं. टाटामध्येच डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अगदी कमी डोस, तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, देऊन बघितला आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. पैसा नसलेल्या देशांना असंच उत्तर हवं असतं. आपल्या पर्वरीच्या संगथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या पेशंटना मदत करता येते हे दाखवलं, तो अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. कॅन्सरचा नसला तरी नक्की वाचा, कमी मनुष्यबळात काम कसं उभं करायचं हे त्यात आहे.

आता बाहेरचं बघू. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक, श्रीमंत देशात जाऊन रिसर्च आणि पॉलिसी शिकायची. एपिडेमिऑलॉजी (लोकांमध्ये रोग किती आणि का होतो याचा अभ्यास), कॅन्सर रजिस्ट्री (पेशंटची नोंदवही) वगैरे आवडत असेल तर आयएआरसीचं समर स्कूल बघा. यूआयसीसी या जागतिक कॅन्सर संघटनेची टेक्निकल फेलोशिप साधारण महिनाभराची असते, एखादं ठराविक कौशल्य शिकून परत यायला छान. आस्को या अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजिस्टच्या संघटनेचा आयडिया अवॉर्ड आपल्यासारख्या देशांतल्या नवीन ऑन्कॉलॉजिस्टसाठीच आहे, त्यात वार्षिक कॉन्फरन्स आणि तिथल्या मेंटॉरच्या हॉस्पिटलची छोटी भेट असते. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि कॅनडात किंग्स्टनचं क्वीन्स विद्यापीठ ग्लोबल ऑन्कॉलॉजीत बरंच काम करतात. एक लक्षात ठेवा, ऑब्झर्व्हरशिपमध्ये, म्हणजे नुसतं बघून शिकण्यात, पेशंटला हात लावता येत नाही, लायसन्स लागतं. हाताने काम करायचं असेल तर यूकेची एमटीआय (मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह) स्कीम बघा, ती बाहेरच्या डॉक्टरांना तिथे काम करत शिकायला देते, जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात.

दुसरी वाट आपली मुलं विचारातच घेत नाहीत आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. कंपालाचं युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट १९६७ पासून चालू आहे, टांझानियात दार-ए-सलाममध्ये ओशन रोड कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, रवांडात बुटारोला २०१२ पासून कॅन्सर सेंटर आहे. तिथे उशिरा आलेला पेशंट, बंद पडलेलं मशीन, संपलेलं औषध हे रोजचं आहे, आणि गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलात शिकलेल्या आपल्या डॉक्टरला अशा वेळी काय करायचं ते बऱ्याच परदेशी पाहुण्यांपेक्षा चांगलं कळतं.

पण दोन आठवड्यांसाठी जाऊन फोटो काढून येणार असाल तर कृपा करून जाऊ नका, तिथल्या डॉक्टरांचा वेळ जातो. निदान तीन-चार महिने काढा, टांझानियाला जायचं तर थोडी स्वाहिली शिका, आणि पहिल्याच ईमेलमध्ये "मला काय शिकायला मिळेल" याच्याऐवजी "तुमच्याकडे कुठल्या कामाला माणूस कमी पडतोय" असं विचारा. ईमेल दहा ओळींचा पुरे, त्यात तुमचा प्रश्न, तुम्ही केलेलं काम आणि कधी मोकळे आहात एवढंच. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी परत लिहा, लाजू नका. डेटा कुणाचा, पेपरवर पहिलं नाव कुणाचं हे निघायच्या आधी लिहून ठरवा. डेटा तिथला असेल तर पहिलं नाव तिथल्या डॉक्टरचंच असावं असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांना वेळ लागतो. बॉण्ड (शिक्षणानंतरची ठरलेली सरकारी सेवा) बाकी असेल तर तो आधी मोकळा करा, मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला) काढा, घरी पैशांचं स्पष्ट बोला कारण बऱ्याच फेलोशिपमध्ये राहण्याखाण्यापुरतंच भागतं. युगांडासाठी यलो फीवरची लस निदान १० दिवस आधी हवी, मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात फोन करून दिवस विचारून घ्या.

आणि परत आल्यावर तिथल्या टीमबरोबर महिन्यातून एकदा ऑनलाइन ट्युमर बोर्ड (अवघड केसवर सगळ्या डॉक्टरांनी मिळून चर्चा) ठेवा, हे निघायच्या आधीच दोन्हीकडच्या एचओडींकडून कबूल करून घ्या. कंपाला आपल्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे ओपीडी उरकून तुम्ही ४ वाजता बसलात तर तिथे दीड वाजलेला असतो, दोघांनाही जमतं.