बीटा पेशीला साखर वाढलेली कशी कळते, चित्र काढून समजून घ्या

हे पाठ करायला गेलात तर दोन दिवसांत विसरणार, त्यापेक्षा कोरा कागद घ्या. मोठा गोल काढा, ही स्वादुपिंडातली बीटा पेशी, आणि आत बारीक बारीक ठिपके, त्या इन्सुलिनच्या पिशव्या. खऱ्या पेशीत त्या साधारण १०,००० असतात.

आता एक गैरसमज आधीच काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं की ग्लुकोज बाहेरून पेशीला चिकटतं आणि किल्ली फिरल्यासारखं इन्सुलिन सुटतं, तसं नाहीये. पेशी ग्लुकोज आत घेते, जाळते आणि एनर्जी किती तयार झाली त्यावरून तिला रक्तातली साखर कळते. मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

म्हणून गोलाच्या आत पहिलं नाव लिहा ग्लुकोकायनेज. हे एन्झाइम ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया करतं आणि खरं मोजमाप इथेच होतं, कारण साखर थोडी वाढली की याचा वेगही वाढतो, आणि साखर लिटरमागे साधारण ८ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे १४४ मिलिग्रॅमच्या आसपास असताना तो स्वतःच्या कमाल वेगाच्या निम्म्यावर असतो. पुढे बाण काढून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं पॉवरहाउस, तिथे एटीपी म्हणजे पेशीला वापरता येणारी एनर्जी तयार होते.

आता गोलाच्या कडेवर एक दार काढा, हे पोटॅशियमचं चॅनल, आणि इथे घाई करू नका. साखर कमी असताना हे दार उघडं असतं, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं त्यामुळे पेशी आतून निगेटिव्ह, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. एटीपी वाढलं की ते याच दाराला आतल्या बाजूने चिकटतं आणि दार बंद, मग निगेटिव्हपणा कमी होतो, शेजारचं कॅल्शियमचं दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पिशव्या कडेला येऊन फुटतात, इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लुकोजमुळे पोटॅशियमचं दार बंद होतं हे शास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ मध्ये दाखवलं.

इन्सुलिन सोडायला लावणारे बाकीचे ट्रिगर याच चित्रात बसवा. आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतःच पॉझिटिव्ह चार्ज घेऊन आत येतं, त्यामुळे निगेटिव्हपणा कमी होतो. आतड्यातून येणारं जीएलपी-१ हे हार्मोन मात्र वेगळं, ते साखर वाढलेली असेल तरच जोर लावतं.

चित्र डोक्यात बसलं का बघायचं तर स्वतःला विचारा, सल्फोनिलयुरिया ही डायबेटिसची गोळी कुठे काम करते? त्याच पोटॅशियमच्या दारावर, आणि साखर किती आहे ते न बघता ते बंद करते म्हणून या गोळीने शुगर खूप खाली जाऊ शकते. पण काही बाळांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच डायबेटिस होतो, त्यातल्या काहींचं हे दार जनुकातल्या बदलामुळे उघडंच अडकलेलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच बाळांना डॉक्टर इन्सुलिनच्या इंजेक्शनवरून याच गोळीवर आणू शकतात.