फुलीचा टाका आणि वचन: भरतकाम करताना मनन कसे करावे

भरतकामातून विश्वासाचे धडे शोधायचे म्हटले की बहुतेक जण आधी धडा ठरवतात आणि मग तो टाक्यात बसवतात. दोरा गुंतला की आयुष्याचा गुंता आठवतो, सुई टोचली की दुःख आठवते. असे धडे फार टिकत नाहीत, कारण त्यात पवित्र शास्त्रातले वचन नुसते शोभेला असते. क्रम उलटा ठेवा. आधी वचन त्याच्या संदर्भासह वाचा, मग हात कामाला लावा. हातांना जी अडचण येईल तिच्याविषयी ते वचन खरेच काही म्हणते का, ते पाहा. म्हणत नसेल तर त्या दिवशी नुसते टाके घाला, त्यात काही बिघडत नाही.

सुईकाम म्हणजे फावल्या वेळचा छंद, त्याचा भक्तीशी काय संबंध, असे वाटत असेल तर पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचे 35 ते 39 हे अध्याय सावकाश वाचा. निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या कामासाठी देवाने बसालेल या कारागिराला नावाने बोलावले आणि आपल्या आत्म्याने भरले. त्याचा सोबती अहलियाब निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचे भरतकाम करणारा होता (38:23). सोन्याचे पातळ पत्रे ठोकून, त्यांच्या तारा कापून त्या विणकामात कशा घातल्या, हेही 39:3 मध्ये लिहिले आहे. इतके बारीक तपशील शास्त्रात आले आहेत, तर आपणही मोजमापात ढिलाई करू नये.

वचन निवडणे आणि आलेख

पहिल्या कामासाठी चार-पाच शब्दांचेच वचन घ्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ (स्तोत्र 23:1) हे सोयीचे आहे. लांब वचन घेतले की काम महिनोन्‌महिने रेंगाळते आणि मननाची जागा कंटाळा घेतो.

देवनागरी अक्षरांचे तयार आलेख कमी मिळतात, म्हणून चौकटीच्या कागदावर स्वतःच आखा. एक घर म्हणजे एक फुली, X आकाराचा एक टाका. एका ओळीसाठी 24 घरे उंची धरा: वरच्या मात्रांना 6, शिरोरेघेला 2, अक्षराला 11 आणि खालच्या उकारांना 5. साधे अक्षर सुमारे 12 घरे रुंद होते. काना आला की 4 घरे वाढवा, ‘श्व’सारख्या जोडाक्षराला 6 वाढवा आणि दोन शब्दांत 8 घरे मोकळी सोडा. या हिशेबाने ‘परमेश्वर माझा’ ही पहिली ओळ 106 घरांची होते. दुसरी ओळ तिच्यापेक्षा थोडी लहान असते, ती मधोमध बसवा. ओळींमध्ये 6 घरे सोडली की एकूण उंची 54 घरे.

आयडा हे भरतकामासाठीचे चौकोनी घरांचे कापड. 14 काउंटच्या आयडावर इंचाला 14 फुल्या बसतात. म्हणजे 106 भागिले 14, साडेसात इंचांहून किंचित जास्त, सुमारे 19 सेंटीमीटर. उंची जवळजवळ 10 सेंटीमीटर. चारही बाजूंना साडेसात सेंटीमीटर मोकळे कापड हवे, म्हणून 35 बाय 25 सेंटीमीटरचा तुकडा कापा. इथे काटकसर केली तर कापड ताणून धरणारी गोल रिंग नीट बसत नाही आणि फ्रेम करताना कापड मागे वळवता येत नाही. कापलेल्या कडा लगेच मोठ्या टाक्यांनी शिवून घ्या, नाहीतर धागे सुटत राहतात.

सुई 24 नंबरची, बोथट टोकाची. दोरा सहापदरी. 8 मीटरच्या एका लडीत एवढा मजकूर आरामात होतो. 14 काउंटवर दोन पदर वापरतात. तिसरा पदर घातला तर अक्षरे जाड दिसतात आणि मात्रा, अनुस्वार एकमेकांना चिकटतात.

भरायला घेण्याआधी कापडावर दर 10 घरांनी वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने धावदोरा घालून चौकटी आखा. अर्धा तास जातो, पण पुढचे बरेच उसवणे वाचते. भरताना शिरोरेघ आधी पुरी करा. सगळी अक्षरे तिच्याखाली लटकतात, त्यामुळे ती बरोबर असली की बाकीची मोजणी सोपी होते.

एक बैठक

चाळीस मिनिटे पुरतात. पहिली दहा मिनिटे कापडाला हात लावायचा नाही. वचन ज्या अध्यायात आहे तो पूर्ण अध्याय वाचा. स्तोत्र 23 मध्ये हिरवी कुरणे आहेत तशी मृत्यूच्या छायेची दरीही आहे आणि शत्रूंच्या देखत मांडलेले ताटही आहे. पहिलीच ओळ भरणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याच्या हातून फक्त एक गोड वाक्य भरले जाते.

पुढची पंचवीस मिनिटे टाके. गाठ मारू नका, ती इस्त्रीनंतर पुढून उठून दिसते. 90 सेंटीमीटरचा एकच पदर घ्या, दुमडून दोन्ही टोके सुईत ओवा. सुई खालून वर काढा, मागे दुमडीचा फास थोडा राहू द्या. पहिला अर्धा टाका घालून सुई मागे गेली की ती त्या फासातून ओढून घ्या. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेड वेगवेगळा पडून अक्षर डागाळल्यासारखे दिसते. (यातून धडा काढायचा मोह टाळलेला बरा.) दोरा संपताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापा.

शेवटची पाच मिनिटे वहीसाठी. तीनच ओळी: आज कामात काय अडले, आज घरात किंवा मनात काय अडले आहे, आणि अध्यायातला कोणता शब्द लक्षात राहिला. तिन्ही ओळी एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत असे नाही. महिनाभराने वही वाचली की काही ओळी आपोआप जुळलेल्या दिसतात. उठताना रिंग काढून ठेवा, तिचा वळ कापडावर बसला तर धुऊनही पटकन जात नाही.

अडते कुठे

दोरा पिळतो आणि गाठी बसतात, ही सर्वांत नेहमीची तक्रार. प्रत्येक टाक्याला मनगट किंचित वळते आणि तो पीळ दोऱ्यात साठत जातो. जोराने ओढले की गाठ घट्ट होते. कापड उचला, सुई खाली लोंबकळू द्या, दोरा स्वतःच उलगडतो. दर दहा-बारा फुल्यांनी हे करा. अशा वेळी स्तोत्र 46 मधली शांत राहण्याची आज्ञा आठवते, पण ते स्तोत्र निवांत दुपारसाठी लिहिलेले नाही. त्यात डोंगर समुद्रात कोसळतात, राष्ट्रे खवळतात, धनुष्ये मोडली जातात. एवढ्या गोंधळात थांबायला सांगितले आहे. घरात भांडण पेटलेले असताना हातातले काम थांबवण्याशी त्याचे नाते जास्त जवळचे आहे.

मोजणी चुकली की उसवावे लागते. चूक एका घराचीच असली, तरी शिरोरेघेत असेल तर तिच्याखालची सगळी अक्षरे सरकतात, म्हणून ती उसवलीच पाहिजे. कोपऱ्यात नक्षीचे पान भरले असेल आणि त्यात एक फुली जास्त झाली तर तशीच राहू द्या, कुणालाही कळत नाही. दहापेक्षा कमी फुल्या असतील तर सुई काढून नेढ्याच्या बाजूने एकेक टाका मागे घ्या. जास्त असतील तर पुढून छोट्या कात्रीने दर तिसरी फुली कापा आणि मागून चिमट्याने तुकडे ओढा. चांगल्या भागाच्या शेवटी इतका दोरा राखा की तो चार-पाच टाक्यांखाली अडकवता येईल. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नका, त्याला लव सुटलेली असते.

उसवताना उपदेशक 3:7 मधली फाडण्याची आणि शिवण्याची वेळ सर्रास सांगितली जाते. पण वस्त्र फाडणे ही त्या काळी शोकाची खूण होती, त्यामुळे ते वचन शोक करणाऱ्यांजवळ राहू द्यावे. चूक दुरुस्त करण्यासाठी लूक 19 मधला जकातदार जक्कय घ्या. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो, असे तो उभा राहून सांगतो. दुरुस्तीला दोरा लागतो, वेळ लागतो, आणि तो आपल्याच खिशातून जातो. कोणाची माफी मागायची राहिली असेल तर वहीत ते नाव लिहायला ही जागा योग्य आहे.

कंटाळा आणि दुखणे यांची गोष्ट वेगळी. आजारपण, वियोग, न संपणारी सेवाशुश्रूषा अशा दिवसांत चाळीस मिनिटांचा नियम सोडून द्या. 45 सेंटीमीटरचा एक दुपदरी दोरा संपेपर्यंतच बसा, साधारण 30 ते 35 फुल्या होतात. वाचायला विलापगीत 3:22-23 घ्या. देवाची करुणा रोज सकाळी नवी असते, हे उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमविषयी रडत असताना म्हटले गेले आहे.

फाटके कपडे दुरुस्त करणेही याच अभ्यासात येते. ठिगळासाठी कापड आधी धुऊन वाळवून घ्या. भोकापेक्षा चारही बाजूंना दीड सेंटीमीटर मोठे कापा, उभे-आडवे धागे मूळ कपड्याशी जुळवा, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवा. न धुतलेला तुकडा पहिल्या धुण्यात आटतो आणि जुन्या कापडाला ओढून भोक मोठे करतो. येशूने मार्क 2:21 मध्ये नेमके हेच सांगितले, तेही उपासाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना. जुन्या सवयींवर एखादा नवा नियम डकवला की तो का फाटतो, याचा विचार करायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही.

उलटी बाजू

कापडाची उलटी बाजू म्हणजे आपले दुःख आणि सुलटी म्हणजे देवाची योजना, हे उदाहरण फार लोकप्रिय आहे. ते जपून वापरा. एक तर चांगल्या कारागिराची मागची बाजूही नीट असते. गडद दोरा तीन-चार घरांपलीकडे तसाच ओढून नेला तर पांढऱ्या कापडातून पुढे दिसतो. दुसरे असे की नुकतेच कोणी गमावलेल्या माणसाला ‘एक दिवस सुलटी बाजू दिसेल’ म्हणणे त्याला उपरे वाटते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते, बोलू लागल्यावर बिघडले.

त्यापेक्षा यापो इथल्या टबीथेकडे, म्हणजे दुर्कसकडे पाहा (प्रेषितांची कृत्ये 9:36-42). ती वारल्यावर, तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे विधवांनी प्रेषित पेत्राला रडत दाखवली. भिंतीवर लावायच्या प्रत्येक वचनामागे एक तरी वस्तू कोणाच्या वापरासाठी करा: बाळाचे दुपटे, आजाऱ्याच्या उशीचा अभ्रा, ठिगळ लावलेला शाळेचा सदरा.

काम पूर्ण झाल्यावर आखणीचे दोरे काढा. थंड पाण्यात सौम्य साबण घालून वीस मिनिटे भिजवा, चोळू नका. लाल किंवा गडद निळा रंग सुटला तर कापड वाळू न देता, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्याने धुत राहा. एकदा वाळल्यावर डाग पक्का होतो. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. किंचित ओले असताना जाड टॉवेलवर पालथे ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत. भेट द्यायचे असेल तर फ्रेमच्या मागे अध्याय आणि वचनाचा क्रमांक लिहा, म्हणजे घेणाऱ्याला पूर्ण उतारा काढून वाचता येतो.