विकायचं घर कमी पैशात तयार करताना

"कायले पैसे घालता व बाई त्या घरात? इकाचंच तं आहे." सासऱ्यांचं घर विकायला काढलं तेव्हा शेजारच्या काकू मला म्हणाल्या. दारव्हा तालुक्यातलं, काळ्या मातीवर उभं, सागवानी दाराचं कवेलूचं म्हणजे कौलारू घर. पहिलं गिऱ्हाईक उंबरठ्यावरूनच परतलं. पुढच्या खोलीत सोयाबीनची पोती, खताच्या थैल्या, फवारणीचा पंप, खिडकीत गंजलेला कूलर. त्या माणसाला घर दिसलंच नव्हतं. पुढे नात्यातली, ओळखीची अशी आणखी सहा घरं मी विक्रीसाठी तयार करून दिली. या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी काही आणू नका, आधी बाहेर काढा. आमच्याकडचं भंगार आणि जुनी रद्दी विकून तेवीसशे रुपये आले आणि चुन्याचा, ब्रशांचा खर्च त्यातच निघाला. कूलर काढल्याबरोबर खिडकीतून उजेड आत आला. औषधाच्या बाटल्या तर त्याच दिवशी हलवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते इथं कोणी विसरलेलं नाही. घर बघायला आलेली बाई लेकराला कडेवर घेऊन आत येते आणि तिची नजर पहिल्यांदा कोपऱ्यात जाते.

भिंतींसाठी मी अजूनही चुनाच पसंत करते. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा. तो रटरटा उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, लोखंडी टीप म्हणजे पिंप घ्या आणि डोळे सांभाळा. सकाळी फडक्यातून गाळून थोडा डिंक, चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी मारायचं आणि मग दोन पातळ हात. नीळ जास्त झाली तर भिंत आजारी दिसते. जुन्या चुन्यावर थेट डिस्टेंपर लावू नका, थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही नको. आत ओल अडकते आणि गिलावा पोपडा धरून पडतो. तिथं माती, शेण आणि गव्हांड्याचाच, म्हणजे गव्हाच्या भुशाचाच, लेप टिकतो.

सागवानी दाराला ऑइल पेंट फासायचा मोह होतो. तो आवरा. दार धुवा, वाळू द्या, काचकागद मारा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. गावात आजही माणसं दाराच्या लाकडावरून घराची पत जोखतात. एक मात्र नीट ध्यानात ठेवा: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.

आता भेगांचं. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दाराच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेग चढते. गवंडी म्हणाला, लांबी (पुट्टी) भरून रंग मारू, कोणाला कळणार नाही. मी नाही म्हटलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे. पण कायदा नसता तरी मी लपवलं नसतं. त्याच गावात आपले सोयरे राहतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून मी तारीख लिहिली. मोरीचं पाणी पायाशीच मुरत होतं, ते नाली काढून लांब नेलं. सहा महिने भेग रेघेपुढे गेली नाही. गिऱ्हाइकाला त्या तारखा दाखवल्या, तेव्हा त्यांनी बाकी घराबद्दल फार खोदून विचारलं नाही.

माझा सगळा खर्च सहा हजार आठशे झाला. त्यातला मोठा भाग कवेलू फेरायच्या, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचायच्या, मजुरीचा. तिथं काटकसर करू नका, कारण आढ्याखालचा एक पिवळा ओघळ सगळ्या चुन्यावर पाणी फिरवतो.

दाखवायची वेळ जपा. सोयाबीन, कापूस विकून हातात पैसा येतो तेव्हा, म्हणजे दिवाळीपासून पुढे, घेणारे फिरतात. पितृपक्षात कोणी येत नाही, ते दिवस दुरुस्तीला घ्या. टिनाचं घर असेल तर उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत दाखवा आणि पत्र्यावर वरून चुना मारा, आतली आच कमी होते. घर गळत नसेल तर भर पावसात बोलवा. त्यासारखी खात्री दुसरी नाही.

कागद एका पिशवीत ठेवा: नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, आणि स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, नुसत्या तिच्यावर मालकी ठरत नाही. सगळ्या वारसांशी बोलणं आधीच झालेलं असू द्या. नणंदेची सही राहिली म्हणून आमची रजिस्ट्री दोन महिने लांबली.

त्या दोन महिन्यांत इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, झालेला होता, तरी मी दर आठवड्याला एसटीने जाऊन सपरी म्हणजे पुढची पडवी झाडायची, ओटा सारवायची, परसातल्या कडुलिंबाचा पाला उचलायची. एकदा घेणाऱ्यांची सून न सांगता आली, ओट्यावर टेकली आणि चूल कुठं मांडायची ते मला विचारू लागली.