मांजरीच्या पिल्लाचे केस गळतात तेव्हा

आधी एक काम: कपाशीवर फवारायचे औषध, जळके ऑइल, रॉकेल, फिनाईल यातले काहीही पिल्लाच्या अंगाला लावू नका. मांजर अंग चाटते, त्यामुळे लावलेले सगळे पोटात जाते. कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधात पुष्कळदा परमेथ्रिन असते. मांजरीच्या शरीराला ते निकामी करता येत नाही, पिल्लू थरथरते, झटके येतात. चुकून लावलेच तर भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि लगेच दवाखाना गाठा.

1. केस नेमके कुठले गेले? उजेडात पांढऱ्या कापडावर पिल्लू धरा.

कानाच्या कडेला जाड, राखाडी खपल्या आणि सतत खाजवणे, मग तेच तोंडावर, मानेवर: ही खरूज. डोक्यावर, पायांवर तुटक्या केसांचे गोल चट्टे, कोंडा, खाज जवळपास नाही: गजकर्ण, म्हणजे बुरशी. कानात चहापत्तीसारखा काळा मळ असेल तर कानातले किडे.

शेपटीच्या बुडाशी, पाठीवर, पोटावर केस विरळ झाले असतील तर संशय पिसवांवर.

2. पिसवांची खात्री. उवांच्या बारीक फणीने विंचरा, काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. भोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त फार गेले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला कोमट पाणी, थोडा सौम्य शाम्पू आणि फणी एवढेच. फेस आधी मानेभोवती करा, नाहीतर पिसवा तोंडाकडे पळतात. सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. पिल्लू लगेच कोरडे करा, थंडीत अंघोळ टाळा.

पिसवांची अंडी मात्र अंगावरून खाली पडतात, अळ्या आणि कोषही अंगावर नसतात. ते कुटारात, पोत्यांत, गोधडीत असतात, आणि कोष महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जुने पोते फेका, गोधडी उकळत्या पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा. एकदा औषध लावून "पुन्हा झाल्या" म्हणणाऱ्यांचे बहुतेक इथेच चुकते.

3. खरूज. घरातल्या सगळ्या मांजरांवर एकदमच उपचार हवा. बैलाची आयव्हरमेक्टिनची बाटली वापरू नका: 1 टक्का द्रावणात मिलीला 10 मिलिग्रॅम औषध असते, अर्धा किलोच्या पिल्लाला एक थेंबही कित्येक पट जास्त. डॉक्टरच मोजून देतील.

4. गजकर्ण. पिल्लू वेगळे ठेवा, हात धुवा, मुलांना दूर ठेवा. माणसांच्या अंगावरही लाल गोल चट्टे उठतात. फरशी आधी घासून, मग ब्लीचचे 1 भाग आणि पाण्याचे 10 भाग यांच्या द्रावणाने 10 मिनिटे ओली ठेवा. (सारवलेल्या जमिनीवर हे चालत नाही, तिथे पिल्लाला पत्र्याच्या खोक्यात ठेवणे सोपे.) केस उगवले म्हणून औषध बंद करू नका, बुरशी मागे राहते. डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालवा.

दवाखान्यात जाण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर पिल्लू डब्यात बसवून वजन करा. डोस त्यावरच ठरतो.